एकच थाप

थाप मारायची तर एकच मारावी. बाकी सगळं खरं हवं: सालं, अंतरं, हुद्दे, रंगाच्या छटा, चाकावरच्या तबकडीचा रंगसुद्धा. काल्पनिक इतिहासातली विमानं बनवणारे सगळेच हा नियम पाळतात असं नाही. जगभरचे मॉडेलवाले या प्रकाराला 'व्हॉट-इफ' म्हणतात. किट बाजारात मिळतो तोच, त्यावर चढवायचा इतिहास मात्र आपल्या मनातला. कुणी महायुद्ध १९४६ पर्यंत लांबवून कागदावरच राहिलेली जर्मन जेट विमानं ताफ्याने उडवतो, कुणी १९५९ मध्ये रद्द झालेलं कॅनडाचं 'ॲरो' सरहद्दीवर पहाऱ्याला उभं करतो. मला या मोठ्या थापा पचत नाहीत. जर्मनी आणखी वर्षभर टिकला असता तर बर्लिनवर काय पडलं असतं याचा हिशोब न मांडता नुसते पंख रंगवत बसणं म्हणजे परीक्षेला न बसता निकालाचे पेढे वाटणं.

माझा जीव रमतो तो दोन महायुद्धांच्या मधल्या दुपंखी लढाऊ विमानांत. त्यातही ग्लॉस्टर ग्लॅडिएटर. हेन्री फॉलंड यांनी रेखाटलेलं हे विमान १२ सप्टेंबर १९३४ला पहिल्यांदा उडालं आणि १९३७च्या सुरुवातीला ब्रिटिश हवाई दलात दाखल झालं. मधल्या काळात काय झालं ते बघा. नोव्हेंबर १९३५ मध्ये हरिकेनचा पहिला नमुना उडाला, मार्च १९३६ मध्ये स्पिटफायरचा. म्हणजे ग्लॅडिएटर कामावर रुजू झालं तेव्हाच त्याच्या निवृत्तीचे कागद तयार होते. नऊ सिलिंडरांचं, सुमारे ८४० अश्वशक्तीचं ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन, चार मशीनगन, वैमानिकाच्या डोक्यावर सरकतं काचेचं छप्पर, ताशी चारशे किलोमीटरच्या आसपास वेग. दुपंखी विमानाच्या जातीला जे जे जमण्यासारखं होतं ते सगळं त्यात होतं, आणि तेवढं पुरेसं नव्हतं. एखाद्या कलेची शेवटची, सर्वांत देखणी वस्तू बहुधा अशीच अवेळी येते.

अवेळी आलं तरी गिऱ्हाईक भरपूर लाभलं. चीन, लॅटव्हिया, लिथुआनिया, नॉर्वे, स्वीडन, बेल्जियम, फिनलंड, ग्रीस, इराक, इजिप्त, आयर्लंड. ही यादी मी मुद्दाम पुन्हा पुन्हा वाचतो, कारण ती नुसती विक्रीची यादी नाही. जवळजवळ प्रत्येक नावापुढे कुणाची तरी भीती लिहिलेली आहे. चीनला जपानची, फिनलंडला सोव्हिएत रशियाची. नॉर्वेला कुणाची भीती वाटायला हवी होती ते ९ एप्रिल १९४०च्या सकाळी कळलं, आणि ऑस्लोवर आलेल्या जर्मन विमानांसमोर फोर्नेबूहून मूठभर ग्लॅडिएटर वर गेली. पंधरवड्यानंतर ब्रिटिशांनी आपली २६३ क्रमांकाची स्क्वाड्रन नॉर्वेतल्या एका गोठलेल्या तळ्यावर उतरवली. जर्मन बॉम्बफेकीत त्यांतली बहुतेक विमानं बर्फावरच जळाली. माल्टाची 'फेथ, होप आणि चॅरिटी' ही तीन ग्लॅडिएटरांची गोष्ट तर मॉडेलवाल्यांना पाठच असते. प्रत्यक्षात विमानं तीनपेक्षा जास्त होती आणि ती नावं मागाहून चिकटली, पण दंतकथेला तीनच परवडतात. 'फेथ'चा पंखाविना उरलेला सांगाडा आजही व्हॅलेटाच्या युद्धसंग्रहालयात आहे.

या यादीत हिंदुस्थान नाही. माझी थाप मला तिथे बसवायची होती.

वरवर पाहता सोपं काम. हिंदी हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ला कायद्याने जन्माला आलं आणि १ एप्रिल १९३३ला कराचीच्या ड्रिग रोडवर त्याची पहिली तुकडी उभी राहिली. सहा अधिकारी, एकोणीस हवाई शिपाई आणि चार वेस्टलँड वापिती विमानं. वापिती म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे उरलेले भाग खपावेत ही अट पाळून बनवलेलं, बोजड, दोन माणसांचं, सामान लटकवायला सोयीचं विमान. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक अजून उभं आहे. त्याच्याजवळ गेलं की पहिल्यांदा त्याची उंची अंगावर येते आणि मग त्याचा साधेपणा. तारा, कापड, एक मोठं इंजिन. या वापितीच्या जागी रुपेरी ग्लॅडिएटर ठेवायचं, शेपटीवर काहीतरी भारतीय रंगवायचं, झालं. असं वाटतं खरं.

पण ते वापिती करत काय होतं? १९३७ मध्ये पहिल्या स्क्वाड्रनची तुकडी मीरनशाहला गेली ती वझिरिस्तानातल्या टोळ्यांविरुद्ध. इपीच्या फकिराचं बंड तेव्हा भरात होतं. आधी पत्रकं टाकायची, गाव रिकामं करायला मुदत द्यायची आणि मुदत संपली की बॉम्ब. सरहद्दीवर सैन्य पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, असा साधा जमाखर्च त्यामागे होता. आपल्या हवाई दलाची पहिली लढाऊ कामगिरी ही अशी आहे. ती करणारी माणसं धाडसी होती यात शंका नाही. मीरनशाहच्या डोंगरांत इंजिन बंद पडलं तर खाली काय वाढून ठेवलेलं असे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी खालच्या माणसाकडे बंदूक होती आणि विमान नव्हतं, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

आणि माझ्या थापेची अडचण नेमकी इथेच होती. लढाऊ विमान हे दुसऱ्या विमानाशी लढण्यासाठी असतं. सरहद्दीच्या आकाशात दुसरं विमानच नव्हतं. १९३०च्या दशकात ब्रिटिश हवाई दलाच्या आठ स्क्वाड्रन हिंदुस्थानात होत्या आणि त्यांत लढाऊ विमानांची एकही नव्हती. गोऱ्यांनी स्वतःसाठी जे आणलं नाही ते ते काळ्या वैमानिकांना कशाला देतील? विमान बदलून भागणार नव्हतं. शत्रू शोधायला हवा होता, आणि शत्रू शोधायचा तर फाइल कुणाच्या टेबलावर अडकली असती ते शोधायला हवं होतं.

पहिला विचार मोठा होता. १९२८च्या नेहरू अहवालाने वसाहतीचं स्वराज्य मागितलं. काँग्रेसने कलकत्त्यात वर्षभराची मुदत दिली, सरकारने ती जाऊ दिली आणि १९२९च्या डिसेंबरात लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. समजा, लंडनने ती मागणी मान्य केली असती. मग १९३८ मध्ये आयर्लंडने घेतली तशी आपणही चार ग्लॅडिएटर विकत घेतली असती, आपल्या पैशाने, आपल्या चक्राच्या खुणेसह. मोह अनावर होता. पण या एका थापेच्या पोटातून शंभर थापा निघतात. मग १९३०चा दांडीचा मिठाचा सत्याग्रह होत नाही. गोलमेज परिषद होत नाही. येरवड्याचा करार होत नाही. एवढा सगळा इतिहास पुसून टाकायचा, तोही साडेतेरा सेंटिमीटर पंखांच्या प्लास्टिकच्या विमानासाठी? मी ते कागद गुंडाळून ठेवले.

मग अफगाणिस्तान. काबूलच्या हवाई दलाची भीती दाखवता आली असती. पण १९३८ मध्ये काबूलला हॉकर हाइंड विमानं पुरवली ती ब्रिटननेच. आपणच शत्रूला विमानं द्यायची आणि मग त्याच्याशी लढायला आणखी विमानं आणायची, हे सरकारी तर्काला धरून असलं तरी माझ्या मॉडेलला शोभणारं नव्हतं.

उत्तर सापडलं ते नकाशात, आणि तेही मुंबईच्या हद्दीत. १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सने एडन जिंकलं तेव्हापासून जवळजवळ शतकभर ते मुंबई इलाख्याचा भाग होतं. कारभार मुंबईचा, चलन रुपया, पेढ्या मुंबईच्या. कावसजी दिनशांच्या घराण्याचं तर एडनच्या बंदरात राज्यच होतं म्हणा. १९२८च्या सुमाराला तिथलं संरक्षण ब्रिटिश हवाई दलाकडे गेलं, १९३२ मध्ये शहर मुंबईकडून काढून थेट दिल्लीकडे दिलं गेलं आणि १ एप्रिल १९३७ला ते हिंदुस्थानापासून तोडून ब्रिटिश राजाची वसाहत करण्यात आलं. त्याच दिवशी ब्रह्मदेशही वेगळा झाला. ब्रह्मदेशाची ताटातूट सगळ्यांना आठवते. एडनची क्वचितच कुणाला. तिथल्या आणि मुंबईच्या भारतीय व्यापाऱ्यांनी तेव्हा बरीच ओरड केली होती. (ब्रिटिश हवाई दलाची स्थापना १ एप्रिलची, आपल्या पहिल्या तुकडीची १ एप्रिलची, एडनची फारकत १ एप्रिलची. या तारखेला गंभीर कामं करायची खोड ब्रिटिशांना कशी जडली कोण जाणे.)

आणि एडनसमोर शत्रू होता. खराखुरा, विमानांसकट. १९३५च्या ऑक्टोबरात मुसोलिनीने ॲबिसिनियावर चढाई केली, पुढच्या मे महिन्यात अदिस अबाबा पडलं, आणि तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-एल-मंदेबच्या जेमतेम तीस किलोमीटरच्या पाण्यापलीकडच्या मुलखात इटलीचं साम्राज्य पसरलं. मुंबईहून विलायतेला जाणारं प्रत्येक जहाज त्या चिंचोळ्या वाटेने जायचं. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर एडनवर बॉम्ब पडलेच, आणि ते अडवायला वर गेली ती ९४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची विमानं. कोणती? ग्लॅडिएटर.

तेव्हा माझी थाप एवढीच. एप्रिल १९३७ मध्ये दिल्ली एडन सोडत नाही, आणि लंडन वैतागून म्हणतं: शहर ठेवायचं असेल तर पहाराही तुम्हीच द्या. बाकी जे घडतं ते घडतच होतं. मी विमानं दोन वर्षं आधी पोचवतो आणि आतला माणूस बदलतो.

या शोधात एक गोष्ट माझ्या ध्यानीमनी नसताना समोर आली. खरं तर ती शाळेपासून माहीत होती, पण माहीत असणं वेगळं आणि नकाशावर बोट ठेवणं वेगळं. वासुदेव बळवंत फडक्यांना काळ्या पाण्यावर पाठवलं ते अंदमानला नव्हे, एडनला. तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ला ते गेले. आपण 'आद्य क्रांतिकारक' म्हणतो, पुतळे उभारतो, पण एडन म्हटल्यावर आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यांसमोर ते येतात? माझ्या कल्पनेतले हवाई शिपाई १९३७च्या हिवाळ्यात त्याच गावात, राजाचा गणवेश घालून, राजाच्या पगारावर विमानाला तारा आवळत बसलेले असणार. त्यांच्यात एखादा शिरढोण-पनवेलकडचा असला तर? त्याला कुणी सांगितलं असेल का, की इथेच तो तुरुंग होता? हे मी मॉडेलमध्ये दाखवू शकत नाही. जेमतेम इंचभर उंचीच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय दाखवणार? पण तेव्हापासून ते विमान नुसतं गमतीचं राहिलं नाही हे खरं.

आता हाताच्या कामाबद्दल.

किट एअरफिक्सचा, १/७२ प्रमाणातला. दुपंखी विमानाचं मॉडेल करणाऱ्याचा खरा कस वरचा पंख बसवताना लागतो. एकपंखी विमानात पंख धडाला चिकटतात आणि प्रश्न मिटतो. इथे खालचा पंख धडाला, वरचा पंख हवेत, आणि दोघांच्या मध्ये काडीएवढ्या दांड्या, ज्यांना प्रत्येकीला आपलं वेगळं मत असतं. एक सरळ केली की दुसरी तिरकी होते. सगळ्या एकाच वेळी, एकाच कोनात, गोंद ओला असेपर्यंत. मी काडेपेट्यांचा आणि जाड पुठ्ठ्याचा साचा करतो, विमान त्यात उताणं झोपवतो आणि रात्रभर हात लावत नाही. घरच्यांनाही ताकीद असते. पंखा बंद, खिडकी बंद, त्या खोलीत कुणी मोठ्याने शिंकायचंसुद्धा नाही.

त्याआधी भोकं. प्रत्येक तार जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे सुईच्या टोकाएवढं भोक, बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने. तारांचा अर्थ कळला तर हात नीट चालतो. खालच्या पंखाच्या मुळापासून वरच्या पंखाच्या टोकाकडे जाणाऱ्या तारा विमान उडताना ओढ घेतात. पंख वर उचलले जातात आणि या तारा त्यांना धरून ठेवतात. उलट दिशेच्या तारा विमान जमिनीवर असताना पंखांचं ओझं पेलतात. एक जोडी आकाशाची, एक जमिनीची. दोन्हींवर सारखाच ताण कधी नसतो, तरी जुन्या छायाचित्रांत सगळ्याच ताठ दिसतात, आणि मॉडेलमध्येही तशाच दिसाव्या लागतात. ढिली तार दिसली की सगळा खेळ संपला. मग तिथे विमान नसतं, दोरीवर वाळत घातलेले कपडे असतात असं मामा म्हणतो.

तार बाजारातही मिळते, पण मी घरीच ओढतो. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात तिचा एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीत नव्हे, वर धरायचा. प्लास्टिक आधी चमकतं, मग मधोमध जरा वाकतं. त्या क्षणी ज्योतीपासून दूर न्यायचं आणि दोन्ही हातांनी सावकाश, एका वेगाने ओढायचं. घाई केली तर तुटतं, रेंगाळलं तर जाड राहतं. नीट ओढलं तर हातभर लांब, केसासारखी तार हातात येते. ती कापून, टोकांना गोंदाचा थेंब लावून बसवली की थोडी सैल असते. मग पेटती उदबत्ती. तिचं निखाऱ्याचं टोक तारेच्या खालून, स्पर्श न करता, एकदाच फिरवायचं. तार डोळ्यांदेखत आक्रसते आणि ताठ होते. ही युक्ती जगभरचे मॉडेलवाले वापरतात, पण चंदनाच्या वासात ती करण्याचं सुख आपल्याकडेच. शेजारच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की मी संध्याकाळची पूजा फार मनापासून करतो.

मामाची ओळख करून द्यायला हवी. तो हवाई दलात फिटर होता, एअरफ्रेमचा. आयुष्यभर विमानांच्या पोटाखाली राहिला. आता ऐंशी ओलांडली आहे. माझं कपाट बघायला तो आनंदाने येतो, पण वैमानिकांच्या गोष्टींत त्याला काडीचा रस नाही. मी त्याला माझी एडनची थाप सांगितली तेव्हा तो मुसोलिनीबद्दल चकार शब्द बोलला नाही.

"कापडाचं विमान ना? एडनला ऊन किती?"

"मरणाचं."

"मग कापडावरचा डोपचा लेप तडकणार. खारं वारं वर. सहा महिन्यांत कापड बदलायला लागेल. कापड कुठून येणार? कराचीहून? आणि रेती? इंजिनात रेती गेली की काय करणार आहेस तू?"

मी त्याला सांगितलं की रेतीसाठी हवेची गाळणी बसवलेली विमानं पुढे आली, दुसऱ्या आवृत्तीत. तिला तीन पात्यांचा धातूचा पंखा होता. माझं पहिल्या आवृत्तीचं आहे, दोन पात्यांचा लाकडी पंखा.

"म्हणजे तुझ्या माणसांना दर काही तासांनी इंजिन उघडायला लागणार," मामा म्हणाला. "कोण उघडणार ते लिहून ठेव. सगळे जण विमान कोण चालवतो तेवढंच विचारतात."

त्याचं म्हणणं मी ऐकलं. इंजिनाच्या डाव्या बाजूचं आच्छादन कापून उघडं ठेवलं, खाली एक लाकडी घडवंची ठेवली आणि तिच्यावर चढलेला एक शिपाई. नऊ सिलिंडरांपैकी वरचे तीन दिसतात. मर्क्युरी इंजिनाच्या पुढच्या कड्यात धुराडं असतं. नऊही सिलिंडरांचा धूर त्या गोल नळीत येतो आणि मग मागे जातो. त्यामुळे ते कडं सतत भाजलेलं, तपकिरी-तांबूस, काही ठिकाणी निळसर झाक असलेलं. बाकी विमान रुपेरी आणि तोंडाला हे भाजलेलं वळं. मला विचाराल तर ग्लॅडिएटरचं सगळं सौंदर्य त्या एका कड्यात आहे. तांब्याच्या रंगावर काळपट, मग कोरड्या ब्रशने सोनेरी, मग एका जागी निळ्याचा नुसता भास. तेवढ्या भागावर मी बाकी विमानाइतकाच वेळ घालवला.

रुपेरी रंग मात्र पावसाळा सरल्यावर. दमट हवेत लॅकर दुधाळतो, आणि दुधाळलेली चांदी कितीही घासली तरी परत चमकत नाही. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत एका दुपारी काम झालं.

खरा पेच पुढे होता. पंखांवरचं चक्र कोणतं?

हौस म्हणते केशरी, पांढरं, हिरवं. आज आपल्या हवाई दलाच्या विमानांवर असतं तसं, बाहेर केशरी आणि मध्यभागी हिरवं. रुपेरी पंखावर ते काय दिसेल! पण माझी थाप एकच आहे आणि तिच्यात स्वातंत्र्य नाही. १९३५च्या कायद्यात संरक्षण खातं गव्हर्नर जनरलच्या मुठीतच होतं. प्रत्यक्षातही हिंदी हवाई दलाच्या विमानांवर ब्रिटिशांचंच चक्र असे. तेव्हा एडनच्या ग्लॅडिएटरवरही लाल, पांढरं, निळंच येणार. आणि तसं केलं की माझं विमान चारचौघांत उभं असलेल्या कुठल्याही ब्रिटिश ग्लॅडिएटरसारखं दिसणार. जितकी थाप पटणारी तितकी ती अदृश्य. इतके महिने जुळवाजुळव करून बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसू नये?

या प्रकारच्या कामात बरेच जण इथे हौसेच्या बाजूने कौल देतात. त्यांना नावं ठेवत नाही. कपाटात ठेवलेली वस्तू बघायला छान दिसावी यात गैर काय? माझ्याने ते झालं नाही. पण पूर्ण हारही मानवेना.

सुटका झाली ती ब्रिटिशांच्याच एका हौशीने. १९३०च्या दशकात त्यांच्या प्रत्येक लढाऊ स्क्वाड्रनला आपले रंग असत, धडावर आणि वरच्या पंखावर पट्टे, चौकटी, बाण. ४३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची काळी-पांढरी चौकट, ५६ची लाल-पांढरी. १९३८च्या सप्टेंबरात म्युनिकचं संकट आलं आणि हे सगळं रातोरात हिरव्या-तपकिरी रंगाखाली गेलं. पण माझं विमान १९३७च्या हिवाळ्यातलं आहे. म्हणजे एडनच्या तुकडीलाही आपले रंग असणार, आणि ते सुचवणार कोण? तुकडीच.

गोष्ट वाटते तितकी अशक्य नाही. १९३१च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी एडनला उतरले तेव्हा त्यांच्या सत्कारात राष्ट्रध्वज लावू द्यायचा की नाही यावरून घासाघीस झाली होती. सरकारचा आणि काँग्रेसचा समझोता चालू असताना ध्वजाला हरकत कशी घेता, असं म्हटल्यावर रेसिडेंटने परवानगी दिली. केशरी, पांढरा, हिरवा असा तो ध्वज काँग्रेसने महिन्यापूर्वीच पक्का केला होता. त्यामुळे एडनला तो रंगमेळ अगदीच अनोळखी नव्हता. आणि १९३७च्या जुलैपासून मुंबईत बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. अर्थात, राजाच्या विमानावर काँग्रेसचा झेंडा रंगवला तर कोर्ट मार्शल. पण झेंडा रंगवायचा कुठे आहे? चौकट रंगवायची. दोन ओळी, छोटे चौकोन, तीन रंगांचे, आलटून पालटून. इंग्रज अधिकाऱ्याला ती नुसती नक्षी दिसेल. तो विचारेल, हे पिवळं का? कुणीतरी खालमानेने सांगेल, वाळवंटाचा रंग, सर.

एवढ्या लबाडीला माझ्या नियमात जागा आहे, कारण ती माझी नाही, त्यांची आहे.

चौकोन जेमतेम दोन मिलिमीटरचे. घरच्या प्रिंटरवर छापलेली चिकटचित्रं इथे चालत नाहीत. छापलेला केशरी पारदर्शक असतो, चांदीवर बसवला की मळकट बदामी दिसतो. म्हणून आधी संपूर्ण पट्टा पांढरा, मग चिकटपट्टीचे बारीक तुकडे, मग केशरी, पुन्हा तुकडे, मग हिरवा. चिकटपट्टी उचलताना रुपेरी रंग बरोबर येऊ नये म्हणून ती आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून तिचा चिकटपणा मारायचा. चाकांच्या तबकड्या निळ्या, कारण पहिल्या स्क्वाड्रनची 'सी' फ्लाइट मी एडनला पाठवली आहे आणि 'सी'चा रंग निळा. प्रत्यक्षात ती फ्लाइट १९३८ मध्ये उभी राहिली, म्हणजे थोडी घाई केली. अख्खी स्क्वाड्रन पाठवायची सोय नव्हती. तेवढे हिंदी वैमानिक तेव्हा होतेच कुठे?

वैमानिकाबद्दल म्हणूनच फार बोलण्यासारखं नाही. तुकडीचा प्रमुख इंग्रजच धरला आहे. सुब्रतो मुखर्जींच्या हाती स्क्वाड्रन आली ती मार्च १९३९ मध्ये, आणि तो मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्याआधी दुसऱ्या कुणाला ती द्यायची म्हणजे दुसरी थाप. पुढे हवाई दलप्रमुख झालेले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर तेव्हा कॉलेजच्या वयाचे. त्यांना दोन-तीन वर्षं मोठं करून एडनच्या विमानात बसवायची इच्छा झाली होती, पण मी ती दाबली. माझा वैमानिक बिननावाचा आहे. तो विमानाकडे पाठ करून उभा आहे, हातात टोपी. त्याचं तोंड घडवंचीवरच्या शिपायाकडे आहे, कारण विमान कधी तयार होणार हे त्यालाच माहीत.

मामा परवा येऊन पूर्ण झालेलं विमान बघून गेला. चष्मा कपाळावर सरकवून, नाक लावून. चौकट बघून हसला, पण त्याबद्दल काही बोलला नाही. घडवंचीवरच्या शिपायाकडे बराच वेळ बघत राहिला.

"ह्याला पगार रुपयांत?"

"एडनला रुपयाच चालायचा."

"परदेश भत्ता?"

मी म्हटलं, एडन परदेश नाही. माझ्या हिशोबाने ते अजून हिंदुस्थानात आहे.

"म्हणजे भत्ता नाही," मामा म्हणाला. "तू एडन ठेवलंस आणि ह्याचा भत्ता बुडवलास. आणि रजा? मुंबईला बोटीने यायला चार-पाच दिवस, जायला तेवढेच. ते रजेत धरणार की ड्यूटीत?"

हे मला माहीत नव्हतं. दिल्लीने एडनचा पहारा घेतला असता तर त्या दिवसांचा निर्णय कुणी केला असता, लष्करी लेखापालांनी की हवाई दलाच्या कचेरीने? मामाच्या मते ड्यूटीत, कारण फौजेत समुद्रावरचे दिवस नेहमीच ड्यूटीत धरतात. पण तो पुढच्या काळातला माणूस. आता मी पी. अँड ओ. कंपनीच्या १९३७च्या बोटींचं वेळापत्रक शोधतो आहे.